दस्तगीरचे सोनेरी मासे

लोणावळ्याच्या एका बंगल्यावर दस्तगीर अकरा वर्षं माळीकाम करत होता. सन अडतीसच्या उन्हाळ्यात काचेच्या हौदातल्या सोनेरी माशांचे पर कुजून झडू लागले. सगळ्यांत आजारी मासा त्यानं मातीच्या कुंडीत, मिठाच्या पाण्यात वेगळा ठेवला. रोज पाणी बदललं. पंधरा दिवसांत नवा पर फुटू लागला.

"बाकीचेबी असेच बरे व्हतील, साहेब. घाई नका करू."

पण साहेबांकडे पाहुणे येणार होते. मासे झटपट बरे व्हावेत म्हणून त्यांनी पाणी शुद्ध करायला विहिरीत टाकायची जांभळी पूड मूठभर हौदात ओतली. दुपारपर्यंत सगळे मासे उलटे तरंगले.

"तुझ्या मिठानंच मेले," असं म्हणून साहेबांनी त्याला कामावरून काढलं.

निघताना त्यानं स्वयंपाकीणबाईंना कुंडीतलं पाणी रोज बदलायला सांगितलं.

"ती कुंडी साहेबांनी ओतून द्यायला लावली मघाशीच, भाऊ," त्या म्हणाल्या.