पुंडलिकभाऊ, दोष फोनचा नव्हता

पुंडलिकभाऊ,

कागद उभा दुमडून लिहिते आहे. ओळ अर्ध्यातच संपते, म्हणजे तुम्हाला मान इकडून तिकडे फिरवावी लागणार नाही. अक्षरही मोठं काढलंय. चौतीस वर्षं फळ्यावर काढलं, अजून येतं.

विहाराच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं द्या, असं विहार समितीचे गुलाबराव सांगून गेले. "बाई, असं लिहा का वाचणाऱ्याले समजलं पाहिजे, मानूस कसा होता."

"होता काय? कॅम्प-१ वस्तीत घरी बसून चहा पितोय तो."

"तसं नाई वो. फोटोवाला होता ना. आता कुठं काढते?"

आता का काढत नाही, ते गुलाबरावांना अर्धं माहीत आहे, मला पूर्ण. छापायला एक आणि तुम्हाला सांगायला एक, असं वेगवेगळं लिहायचा मला कंटाळा आहे. एकच लिहिते. स्मरणिकेत हेच छापा म्हणावं.

ज्यांना तुम्ही ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. तुम्ही भंडाऱ्याकडून विसाव्या वर्षी भिलाईला आलात, पोलादाच्या कारखान्यात क्रेनवर चढलात आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलात. डोक्यावरच्या रुळांवरून चालणारी क्रेन, तिच्या पोटाशी लटकलेली काचेची केबिन, आणि खाली आकड्यांना लेडल, म्हणजे वितळलेल्या पोलादानं भरलेली खोलीएवढी बादली. खालचा माणूस हातानं खुणा करणार: वर घे, सोड, जरा डावीकडे, थांब. तो माणूस दर वेळी समोर थोडाच असतो? कुठूनतरी बाजूनं हात दाखवतो. "समोरचं तर कोणालेबी दिसते बाई," तुम्ही माझ्या ओट्यावर बसून सांगायचात, "क्रेनवाल्याले कोपरा दिसला पाहिजे." नोकरीत होतात तोवर दर वर्षी तुमचे डोळे तपासले जायचे. निवृत्त झालात, तपासणी संपली. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुमचा सुगत माझ्या वर्गात होता. त्याच्या अभ्यासाची चौकशी करायला तुम्ही सेक्टर १० ला माझ्या क्वार्टरवर यायचात. पोरगा शिकून हैदराबादला गेला तरी तुमचं येणं थांबलं नाही. मी रेल्वेच्या गार्डाची मुलगी, नागपूरची बी.एस्सी., विज्ञान शिकवणारी. तुम्ही नववी पास. भांडणात मात्र बरोबरी. हरलात की म्हणायचात, "शिकलेल्या मानसाशी कोन लागन बाप्पा," आणि दुसऱ्या दिवशी तोच मुद्दा घेऊन हजर.

निवृत्तीनंतर सुगतनं एक साधा अँड्रॉइड फोन घेऊन दिला आणि विहाराला फोटोवाला मिळाला. तुमचे फोटो दुसऱ्या कुणाला जमायचे नाहीत, कारण तुम्ही खाली उभे राहून काढतच नव्हता. स्टुलावर चढायचात. समोर विहाराच्या पायऱ्यांवर तीस-चाळीस माणसं, आणि तुम्ही तोंडातून शब्द न काढता क्रेनच्या खुणांनी त्यांना हलवणार. बोट फिरलं की मागचा वर. तळहात खाली की पुढचा बसला. मूठ मिटली की सगळे जागच्या जागी. लोक हसायचे, पण एकाचंही तोंड दुसऱ्याच्या खांद्यामागे दडायचं नाही.

आणि स्वयंपाकघरातल्या बायका आल्याशिवाय फोटो नाही, हा तुमचा नियम. पाहुणे घड्याळ बघोत, गुलाबराव चिडोत. "जिनं खीर केली तिचंच तोंड नाई, तर फोटो कायचा?" बायका हात पुसत सगळ्यांच्या शेवटी यायच्या, अर्थातच कडेला उभ्या राहायच्या, आणि फोटोत यायच्या. इतकी वर्षं यायच्या.

मग कापल्या जायला लागल्या. आधी कुणाचा कोपर, मग कुणाचा अर्धा चेहरा. गेल्या चौदा एप्रिलला तर तीन बायका गेल्या. त्यात खुद्द रुक्मावहिनी, तुमची बायको. फोटोत त्यांचा फक्त हात, आणि हातात पळी.

दुसऱ्या दिवशी विहारात भांडी आवरताना वहिनींनी तुम्हाला गाठलं. "अवो सुगतचे बाबा, चाळीस वर्सं माह्या हातचं खाल्लं म्हनून हातच ठेवला का?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण चौकातली सुजाता, जिनं आदल्या दिवशी शंभर जणांच्या पुऱ्या लाटल्या होत्या, ती हसली नाही. म्हणाली, "आमी कडेलेच राहतो भाऊ. आता फोटोतूनबी गेलो."

तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही सदऱ्याच्या टोकानं फोनची काच पुसत राहिलात. "फोन खराब झाला," म्हणालात.

"खराब कसला, मुळात टुकार आहे," मी म्हणाले. "तो अँड्रॉइड फेका आणि आयफोन घ्या."

मी डिसेंबरातच घेतला होता. पुण्याच्या भाचीनं घ्यायला लावला, आणि नव्या धर्मात आलेल्या माणसासारखी मी भेटेल त्याला तेच सांगत होते. माझ्या कुंडीतल्या मोगऱ्याचा फोटो दाखवला तुम्हाला, पाकळीवरची मुंगी दिसत होती. तुम्ही फोन अगदी डोळ्यांसमोर धरून पाहिलात. "मुंगी दिसून राहिली खरी," म्हणालात. दिसणारच. मुंगी फोटोच्या मधोमध होती.

त्याच आठवड्यात विहारात डोळे तपासणीचं शिबिर झालं. तिथली चिठ्ठी घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात.

"बाई, हे वाचा जरा. इंग्लिसमध्ये हाय. मोठ्या दवाखान्यात जा म्हनते, अन् संग कोनी शिकलेलं आना म्हनते. सुगत तर तिकडे. मंगळवारी याल का?"

मी तेव्हा माझ्या फोनमध्ये दुकानाची जाहिरात काढून बसले होते. जुना द्या, नवा घ्या, बुधवारपर्यंत. "मंगळवारी आपल्याला सुपेल्याच्या बाजारात फोन घ्यायला जायचंय," मी म्हणाले. "डोळ्यांचं त्याच्या पुढच्या मंगळवारी बघू. या मंगळवारी दहाला तयार राहा, मी ऑटो घेऊन येते." चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीनं टिपून ठेवलं आणि ती न वाचताच पर्समध्ये टाकली. तुम्ही म्हणालात, "बरं." तुम्ही माझ्याशी प्रत्येक गोष्टीवर भांडता, भाऊ. त्या दिवशी का नाही भांडलात?

मंगळवारी दुकानात तुम्ही नवा फोन हातात घेऊन उलटासुलटा केलात. "इसमें पीछे जाने का बटन किधर है?"

दुकानदार म्हणाला, "बैक बटन नहीं होता, अंकल."

"तो पीछे कैसे जाएंगे?"

"जाना ही क्यों है?"

सगळं दुकान हसलं. तुमचं मेमरी कार्डही त्यात बसेना. ते काढून खिशात ठेवलंत, फोटो सुगत नंतर उतरवून देईल म्हणून. जुना फोन काउंटरवर ठेवताना तुम्ही त्याच्यावरून एकदा हात फिरवलात. मी घाई केली. चिठ्ठी वाचायला काढली ती तिथेच, दुकानात, पण तेवढ्यात दुकानदारानं सही मागितली, आणि ती मी नव्या फोनच्या पांढऱ्या खोक्यात ठेवली. खोकं माझ्याकडेच राहिलं, कारण बिलं-कागद जपायला मी हुशार.

त्याच्या पुढच्या मंगळवारी काय केलं? ओट्यावर बसून तुम्हाला फोन शिकवला. तुमचे जुने व्हॉट्सअॅपचे निरोप आले नाहीत, म्हणून माझं डोकं तापलेलं होतं. सगळी चूक माझीच, जुना फोन देण्याआधी केबल लावून ते नव्यात आणायला हवे होते. राग तुमच्यावर काढला.

"वरच्या कोपऱ्यातून खाली ओढा."

"कोनता कोपरा?"

"उजवा! बॅटरी आहे ना, तिथून."

"बॅटरी कुठी हाय?"

"अहो, डोळ्यांसमोर आहे तुमच्या!"

"समोर नाई ना बाई. तेच तर सांगून राहिलो, कोपऱ्यातलं नाई दिसत."

ही तुमची वाक्यं जशीच्या तशी लिहिली आहेत. ऐकायला मी तिथे होते, दोन फुटांवर. आणि मी काय म्हणाले? "वय झालं तुमचं." तुम्ही मान हलवली, चहाकडे हात नेलात आणि बाजूची बशी कोपरानं खाली पाडलीत. ती नवी होती, म्हणून त्यावरही बोलले.

बुद्धपौर्णिमेला नव्या फोननं पहिला फोटो काढलात. रंग असे की खिरीची वाफसुद्धा दिसत होती. आणि दोन्ही कडांना मिळून पाच बायका गायब. सुजाता पुन्हा कापली गेली. या वेळी कुणी थट्टा केली नाही. तुम्ही स्टुलावरून उतरून सरळ माझ्याकडे आलात. "बाई, ह्याच्यातबी कापले."

तेव्हा तरी थांबायला हवं होतं मी. फोन बदलला, कंपनी बदलली, सगळं बदललं, बदलला नाही तो फक्त पाहणारा. शाळेत कुणी असा प्रयोग लिहून आणला असता तर मी त्याच्या वहीवर लाल शाईनं विचारलं असतं: मग दोष कशात? पण मी फोन हिसकावून घेतला आणि ०.५ लिहिलेलं बटण दाखवलं. ते दाबलं की कॅमेऱ्याची नजर रुंद होते, आजूबाजूचं सगळं आत येतं. आषाढी पौर्णिमेला तुम्ही ते दाबून फोटो काढलात. सगळे आले. पायऱ्या आल्या, चपला आल्या, बाहेरची सायकल आली. सुजाता आली, पूर्ण, पदर खोचलेली. तिनं फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि पहिल्यांदा तुमच्याकडे बघून हसली. वहिनी म्हणाल्या, "आता तोंड आलं माहं, हात कुठी गेला?"

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा पुंडलिकभाऊ, दोष फोनचाच होता!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हाला किती हलकं वाटलं ते दिसत होतं. त्यानंतर डोळ्यांचा विषय तुम्ही काढला नाहीत, मी काढला नाही. चांगल्या कॅमेऱ्यानं तुमचं काम करून टाकलं, आणि तुमची नजर आत आत मिटत चालली ती कुणाला कळली नाही. तुम्हालासुद्धा नाही.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सुगत घरी आला. तुम्ही त्याला मागे बसवून स्कूटरवर निघालात आणि वळणावर डावीकडून येणाऱ्या सायकलवाल्यावर गेलात. त्याचं खरचटण्यावर निभावलं. सुगतनं विचारलं, "बाबा, दिसला नाही का?" तुम्ही म्हणालात, "होता कुठं तो?" पोरानं किल्ली काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेलं. मी सहा महिन्यांत जे केलं नाही ते त्यानं एका सकाळी केलं.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. नळीतून पाहावं तेवढं मधलं शिल्लक आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं रोजच्या थेंबांनी जपायचं. चौतीस वर्षं मी डोळ्याची आकृती काढली: पारपटल, भिंग, दृष्टिपटल, मागून निघणारा चेतातंतू. नावं पाठ न करणाऱ्यांना उभं केलं. पुढच्या वेळी तुमच्याबरोबर मी गेले, तेव्हा डॉक्टरांना विचारलं, एप्रिलमध्ये आलो असतो तर? ते म्हणाले, "किती वाचलं असतं ते सांगता येत नाही. थेंब मात्र एप्रिलमध्ये सुरू झाले असते." तुम्ही बाजूलाच बसला होतात. म्हणालात, "जाऊ द्या बाई. मधलं तर दिसते." मला असं सोडून देऊ नका हो. तुम्ही वाद घालणारे माणूस आहात, घाला.

आता तो फोन वहिनींकडे आहे. त्यावरून त्या सुगतशी बोलतात आणि अर्धा वेळ त्याला छत दाखवतात. फोटो दुसरं कोणी काढतं. डिसेंबरच्या कार्यक्रमात तुम्हाला मान देऊन मधे उभं केलं, तर तुम्ही चाचपत चाचपत कडेला गेलात, बायकांपाशी. सुजातानं तुमच्या कोपराला धरून आत ओढलं. "भाऊ, इकडे सरका, नाईतर कापले जासान."

काल वहिनींच्या फोनचं सिम बदलायचं होतं. त्याचा खण उघडायची ती बारीक पिन शोधायला मी पांढरं खोकं काढलं. पिनेखाली चिठ्ठी होती, चौपदरी घडी केलेली. तुम्ही मला वाचायला दिली होतीत ती. काल वाचली. इंग्रजीत दोनच ओळी आहेत: डोळ्यांतला दाब वाढलेला आहे, मोठ्या दवाखान्यात लवकर दाखवावे. 'लवकर'च्या खाली दोन रेघा आहेत. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय: मंगळवार, सकाळी दहा, ऑटो मी आणते.