काचेच्या पेटीतलं बाळ आणि माझं नेटवर्क

परवा वाशीमच्या एका हॉस्पिटलात नेटवर्कचं काम होतं. बिलिंगचे कॉम्प्युटर, कॅमेरे, नातेवाइकांचं वाय-फाय... सगळं एकातच गुंतलेलं. मी त्याचे वेगवेगळे भाग पाडले, म्हणजे बाहेरच्या कुणाला आत डोकावता येऊ नये. सगळे दिवे हिरवे दिसले आणि मी खुशीत चहा मागवला.

चहाच्या आधी सिस्टर धावत आल्या. "मॅडम, टॅब बंद पडला!"

कुठला टॅब? मला तर माहीतच नव्हता... बाळंतिणींच्या वॉर्डात केनवड गावची एक मुलगी होती. सिझर झालेलं, उठता येत नव्हतं. बाळ कमी वजनाचं, म्हणून वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. सिस्टरांनी आपला जुना टॅब वाय-फायला जोडून तिथल्या कॅमेऱ्यातून तिला बाळ दाखवायची सोय केली होती. आपणहूनच, कुणाला न सांगता.

मी गेले तेव्हा ती काळ्या स्क्रीनकडे बघत रडत होती. "मले खरं सांगा मॅडम... लेकराले काही झालं म्हनून बंद केलं न तुमी?"

बाळ छान आहे, हे सिस्टर सांगून थकल्या, पण तिला पटेना. कसं पटणार?

कॅमेरा चालू होता, टॅबला इंटरनेटही येत होतं. पण टॅब नातेवाइकांच्या वाय-फायवर, कॅमेरे दुसऱ्या भागात... मधली वाट मीच बंद केली होती. डॉक्टरांना विचारून तेवढ्या एका टॅबला तेवढ्या एका कॅमेऱ्यापर्यंत वाट करून दिली.

आणि चित्र आलं! बाळानं पाय झाडला. पोरगी रडता रडताच हसायला लागली.

पण बाळाच्या कपाळाशी एक काळा ठिपका दिसत होता. स्क्रीन खराब झाली वाटून मी ओढणीनं पुसायला गेले, तर खाटेशी बसलेल्या तिच्या आईनं माझा हात धरला.

"पुसू नको माय, तीट हाये ते. येवढे जन पाहून राह्यले त्याले..."

ठिपका अर्धा पुसला गेलाच होता. बाळाच्या त्या आजीनं डबीतलं काजळ काढून तो स्क्रीनवरच नीट केला, आणि बोटाला उरलेलं माझ्या कानामागे लावलं. "तुले बी असू दे."

बाळावर बाहेरच्या कुणाची नजर पडू नये, म्हणूनच तर मी सकाळपासून खपत होते. आजीचं ते काम माझ्या आधीच झालं होतं... आणि तिनं बाळाबरोबर मलाही त्यात धरलं.