अकरा वाजताची कवायत

निजामी जाऊन दहाएक वर्षं झाली असतील. अणदूरजवळच्या एका चर्चमध्ये मे महिन्यात मुलांचं शिबिर भरायचं. पहाटे प्रार्थना, मग गाणी, दुपारी वचनांचं पाठांतर, संध्याकाळी लंगडी. त्या वर्षी सोलापूरहून नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनी भर उन्हात अकरा वाजता कवायत सुरू केली. स्वतः मात्र कडक इस्त्रीची पँट घालून कडुलिंबाखाली खुर्चीत बसत. दर मिनिटाला बाही वर सारून मनगटावरचं घड्याळ बघत. वेळ कळावी म्हणून नव्हे, घड्याळ आम्हाला दिसावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी रांगेत माझ्या शेजारी उभी असलेली लोहारा गावची मुलगी उन्हानं कोसळली. मी तिला उठवायला वाकले.

"जागेवर उभी राहा," ते खुर्चीतूनच म्हणाले. "अजून चार मिनिटं आहेत. देवाला शिस्त आवडते."

आणि मी उभी राहिले.

स्वयंपाक करणारी मावशी घागर घेऊन धावत आली. मुलीच्या डोक्यावर पाणी ओतत म्हणाली, "सायेब, तुमचं घड्याळ सावलीत हाय. लेकरं उन्हात हायत."

"शिबिर तू चालवतेस की मी?" ते गुरगुरले.

मावशी मुलीला उचलून आत गेली. आमची चार मिनिटं मात्र पुरी झाली.

शेवटच्या दिवशी त्यांनी पालकांना हसत सांगितलं, "प्रभूच्या कृपेनं एकही मूल आजारी पडलं नाही."

वडील मला म्हणाले, "साहेबांचे आभार मान."

मी मानले. मावशी मागं भांडी घासत होती. तिच्याशी एक शब्द न बोलता मी गाडीत बसले.