अकरा आठवडे खिळ्यावर

काजमावशीच्या दाराजवळच्या खिळ्यावर किल्ली लटकून अकरा आठवडे झाले होते, आणि अख्ख्या गल्लीत कोणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. खुद्द मावशीलाही दिसत नव्हतं, आणि खरं दुखणं तेच होतं.

मावशीचं हे नाव कारखान्यातलं. मागच्या रस्त्यावर शर्टांचा कारखाना होता तेव्हा तिनं तिथं एकतीस वर्षं काजं केली. कॉलर एक शिवायची, बटणं दुसरी लावायची, मावशीच्या वाट्याला नुसती भोकं. "आयुष्यभर भोकंच पाडली," ती सांगायची, "पण एकाचंही बटण निसटू दिलं नाही." आता वय शहात्तर. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र अजून कात्रीसारखी चालते.

किल्ली होती खोलीची. गल्लीच्या टोकाला कारखान्याची दोऱ्याची रिळं ठेवायची लांबोडकी खोली होती. कारखाना बंद पडला, मालक कुलूप लावून गेला तो गेलाच. मावशीचा नवरा फिटर. त्यानं एका दुपारी ते कुलूप काढलं, उंदरांच्या लेंड्या आणि मोडकी रिळं बाहेर काढली आणि आपलं कुलूप घातलं. मग जे जे एका घराला रोज लागत नाही ते तिथं येऊन पडलं. मोठी शिडी, नळाचे पाने, दोन शिलाई मशीनं, आजाऱ्याला न्यायची झोळी, पन्नास माणसांचा चहा होईल असं पातेलं. ज्याला लागेल त्यानं न्यावं, पुसून परत ठेवावं. विचारायचं कोणाला, तर कोणालाच नाही.

हे खूळ फिटरच्या डोक्यात घातलं बांधणीवाल्यानं. हा वह्यापुस्तकं बांधणारा माणूस, बोटं कायम खळीनं चिकट. बांधायला आलेली पुस्तकं तो आधी वाचायचा आणि मगच शिवायचा, त्यामुळे गिऱ्हाइकं वैतागलेली असायची. खोली उघडल्यावर पहिल्या बैठकीत तो उभा राहिला आणि म्हणाला, आपण अराजकवाले. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. अराजक म्हणजे दंगाधोपा, काचा फोडणं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. बांधणीवाल्यानं शब्द दोन हातांनी फोडून दाखवला. अ आणि राजक. राजा नाही, इतकाच अर्थ. साहेब नाही, अध्यक्ष नाही, मुकादम नाही. ज्यांचं काम, त्यांनी बसून ठरवायचं. चांगला अर्धा तास तो बोलला. पुरुष मंडळी भारावून माना हलवत होती.

मागून मावशीनं विचारलं, "ते सगळं खरं, पण झाडणार कोण?"

सगळे हसले. बांधणीवाला हसला नाही. तो खाली बसला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, ह्या बाईनं माझ्या सगळ्या पुस्तकांना एका प्रश्नात पेचात गाठलं. मग त्या दिवशी दुसरं काहीच झालं नाही, झाडण्यावरच बैठक संपली. ठरलं ते असं. किल्ली एकच, दुसरी करायची नाही. ती आठवडाभर एका घरात, सोमवारी शेजारच्या घरात. ज्याच्याकडं किल्ली, त्याच्याकडं झाडू. मान आणि केर एकाच घरात. तेवीस घरं होती, तेवीस आठवड्यांनी फेरा पुरा व्हायचा.

पुढं पालिकेच्या कचेरीनं खोली रिकामी करायची नोटीस काढली तेव्हा सगळ्यांनी मिळून अर्ज लिहिला. सह्या करायची वेळ आली आणि घोडं अडलं. ज्याची सही पहिली त्याला कचेरी धरणार, हे उघड होतं. तेव्हा मावशीनं मोठ्या पातेल्याचं झाकण आणून कागदावर पालथं घातलं, पेन्सिलीनं भोवती रेघ मारली आणि त्या गोलावर सगळ्यांना सह्या करायला लावल्या. पहिलं नाव नाही, शेवटचं नाही. कचेरीत कारकुनानं तो कागद फिरवून फिरवून वाचला. कागद फिरवून हात दुखले, तसा कागद टेबलावर ठेवून तो स्वतःच टेबलाभोवती फिरला. शेवटी म्हणाला, तुमचा पुढारी कोण ते तरी सांगा.

"पुढारी नाही, साहेब," मावशी म्हणाली. "सगळे शेजारी."

नोटीस कोणाच्या नावानं बजावायची तेच ठरेना, म्हणून फाइल कपाटात गेली आणि तीस वर्षं गाढ झोपली. त्या तीस वर्षांत खोलीनं काय नाही पाहिलं. बंद कारखान्याच्या बायकांनी तिथं मशीनं चालवून परकर विकले. गल्लीतला एक बस ड्रायव्हर ड्युटी सुटल्यावर बायकांना हिशेबाची गणितं शिकवायचा आणि स्वतःच चुकायचा. एका घराचं छत गेलं तर ते घर दोन महिने तिथं राहिलं. भांडणंही चिक्कार झाली. एकदा तर शिडी उभी ठेवायची की आडवी यावर चार बैठका झाल्या आणि दोन सख्खे भाऊ वर्षभर बोलले नाहीत. मावशीला आता सगळ्यात गोड आठवतात ती ही भांडणंच. माणसं घसा फोडून भांडायची, कारण खोली आपली आहे असं प्रत्येकाला वाटायचं.

आणि आठवतो तो फिटरचा तीन आठवड्यांचा तमाशा. झालं असं, की फिटरनं आपल्या पाळीची किल्ली सोमवारी पुढं दिलीच नाही. कुलपाला तेल द्यायचंय म्हणाला. पुढच्या सोमवारी कडी बदलायची निघाली. तिसऱ्या आठवड्यात माणसं शिडी न्यायची असली की फिटरला विचारायला लागली, आणि फिटर जरा थांबून, विचार करून, हो म्हणायला लागला. ते थांबणं मावशीनं पाहिलं. घरात काही बोलली नाही. भर बैठकीत उठून तिनं पदर खोचला आणि सांगितलं, "आमच्या ह्यांच्याकडं किल्ली तीन आठवडे आहे, आणि झाडू मात्र माझ्याकडं."

फिटर कानापर्यंत लाल झाला. किल्ली मध्ये ठेवून निघून गेला. दोन दिवस घरात तोंडाला कुलूप. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, तू होतीस म्हणून बरं झालं, नाहीतर मी साहेब झालो असतो. मग महिनाभर खोली त्यानंच झाडली. झाडायला इतका वाईट होता, की मावशीला मागनं पुन्हा झाडावं लागे. पण ते तिनं बाहेर कोणाला कळू दिलं नाही.

फिटरला जाऊन नऊ वर्षं झाली. बांधणीवाला त्याच्या आधीच गेला. आताच्या घरांत नवी माणसं, चांगली, पण धावपळीची. अकरा आठवड्यांपूर्वी मावशीची पाळी संपली तेव्हा ती किल्ली घेऊन शेजारी गेली. शेजारच्या घरातली सून नर्स. ती बूट घालता घालता म्हणाली, "मावशी, तुमच्याकडंच राहू द्या ना. माझी ड्युटी काय, कधीही असते." पुढच्या घरानंही तेच सांगितलं. मावशी कुरकुरत परत आली, पण खिळ्यावर किल्ली अडकवताना तिला बरं वाटलं, हे तिचं तिला कळलं होतं. दिवसभर कोणी ना कोणी दारात यायचं. मावशी, शिडी. मावशी, पातेलं. एकटीच्या घरात तेवढाच आवाज. गुडघे धरून ती खोली झाडायची आणि मनात म्हणायची, माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही. लोक गमतीनं अध्यक्षबाई म्हणायला लागले. पुढं पुढं त्यातली गंमत गेली, अध्यक्षबाई राहिली.

आणि तेवढ्यात ती फाइल जागी झाली. कचेरीचं पत्र आलं. खोलीची रीतसर नोंदणी करा, नाहीतर महिन्यात ताब्यात घेऊ. सोबत फॉर्म. नर्सनंच तो सुबक अक्षरात भरून आणला. अध्यक्षाच्या रकान्यात मावशीचं नाव होतं, नवऱ्याच्या नावासकट, रेशन कार्डावर असतं तसं पुरं.

"तुम्ही फक्त सही करा, मावशी. तुमच्याशिवाय आहे कोण?"

सही केली की खोली वाचणार होती. किल्लीही मरेपर्यंत खिळ्यावर राहणार होती. मावशीनं चष्मा पुसला, पेन हातात घेतलं. तेवढ्यात दारात कोणी तरी शिडी मागायला आलं. मावशी जरा थांबली, विचार केला आणि हो म्हणाली.

ते थांबणं तिला ऐकू आलं. हुबेहूब फिटरसारखं. फरक एवढाच, की फिटरला बैठकीत उठून बोलणारी बायको होती. मावशीला कुठली बायको?

पेन ठेवून तिनं नर्सला सांगितलं, संध्याकाळी सगळ्यांना बोलाव.

अठरा घरांतली माणसं आली. मावशीनं किल्ली आणि झाडू दोन्ही मध्ये जमिनीवर ठेवले. "या बाईकडं," स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ती म्हणाली, "किल्ली अकरा आठवडे आहे. आणि एकानंही तोंड उघडलं नाही." कोणी तरी म्हणालं, तुमचा त्रास वाचावा म्हणून. आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून.

"आदर आहे ना? मग झाडणार कोण?"

खोली गेली तर गेली, असं मावशीनं मनाशी धरलं होतं. मग नर्स उठली. तिनं झाडू उचलला, किल्ली उचलली आणि रागानंच म्हणाली, की ड्युटी असेल त्या दिवशी सासऱ्याला झाडायला लावीन, मग मला कोणी काही बोलायचं नाही. कोपऱ्यातून सासरा म्हणाला, हे घरात आधी सांगायचं असतं. आणि मग जो वाद पेटला, पाळी घराची की माणसाची, तो असा काही रंगला, की मावशीनं भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून नुसता ऐकला.

फॉर्मवर अध्यक्षाच्या रकान्यात लिहिलं, सोबतचा कागद पाहा. सोबतच्या कागदावर झाकणाचा गोल आणि तेवीस सह्या, बैठकीला न आलेल्या पाच घरांच्याही. कचेरीत आता नवा कारकून आहे, तोही फिरवून वाचतोय म्हणे. उत्तर अजून नाही.

सोमवारी सवयीनं मावशीचा हात खिळ्याकडं गेला. खिळा मोकळा होता. तिनं त्याच्यावर पिशवी अडकवली आणि बोटांवर घरं मोजली. तिची पाळी यायला बावीस आठवडे. तोवर गुडघे टिकवायला हवेत, म्हणून ती तेलाची बाटली शोधायला आत गेली.