मामांना मिळालेली लेखी समज

आमच्या शाळेच्या शिपाईमामांना अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकदाच लेखी समज मिळाली आणि तिला कारण मी. हे मी आपणहून सांगते आहे, कारण शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघून घसा खाकरतात.

मामा बुटके, पोट सुटलेले आणि नाकावर माशी बसू न देणारे. पाण्याच्या टाकीपासून वर्गांच्या कुलपांपर्यंत शाळेतली सगळी कामं त्यांच्याकडे होती, पण त्यांचा जीव एकाच कामात होता, टोल देण्यात. व्हरांड्याच्या तुळईला पितळेची ताटाएवढी जाड चकती टांगलेली होती. मामा ती रोज सकाळी राखेने घासत. लाकडी हातोडी त्यांची स्वतःची. दुसऱ्याने तिला हात लावलेला खपत नसे. एकदा ते तापाने फणफणले तेव्हा क्लार्कने टोल दिला. दुसऱ्या दिवशी मामा अंगात ताप घेऊनच हजर. म्हणाले, "घरापर्यंत ऐकू आला. बादली पडल्यासारखा वाजवला हो त्याने!"

अशा माणसाच्या राज्यात वर्षाच्या मध्यावर एक नवी मुलगी आली. पाचवीत, माझ्याच वर्गात. पोरगी सतत गरगर फिरायची, म्हणून दोन दिवसांत तिचं नाव भिंगरी पडलं. पहिल्या बाकावर बसायची, विचारलं की उत्तर द्यायची, बोलणं जरा जड होतं एवढंच. पण मधली सुट्टी संपल्याचा टोल झाला, चारशे मुलं आत गेली, तरी ही बया मैदानात एकटी एका पायावर उड्या मारतेय.

मामांनी पुन्हा टोल दिला. उड्या चालूच. तिसऱ्यांदा दिला. भिंगरीने पाय बदलला आणि दुसऱ्या पायावर उड्या सुरू केल्या.

"आजवर माझ्या टोलाचा असा अपमान कोणी केला नाही," मामा माझ्यापाशी येऊन धुसफुसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाकडी हातोडी बाजूला ठेवली आणि लोखंडी उचलली. आमच्या कानठळ्या बसल्या. शेजारच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर हातात चिमटा घेऊन फाटकाशी धावत आले. "अहो, माझा पेशंट खुर्चीतून उडाला! दात ओढायचा की माणूस धरायचा मी?"

भिंगरी ढिम्म.

इकडे माझ्याही अंगाचा तिळपापड झाला होता. उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करायचं, ही माझी पद्धत. चार दिवस मी तिला उभं केलं. का उभं केलंय हे तिला कळत होतं की नाही, ते मी विचारलं नाही. मला तेव्हा विचारण्यापेक्षा ओरडायला जास्त आवडायचं.

पाचव्या दिवशी तिची आई आली. ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करायची. अर्धी रजा टाकून आली होती. म्हणाली, "बाई, तिला ऐकू येत नाही. ओठ बघून समजतं तिला. फॉर्मवर लिहिलंय मी, अगदी मोठ्या अक्षरात."

फॉर्म क्लार्कच्या फायलीत सुखाने झोपला होता. मामा दारातच उभे होते. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे माझ्या टोलात काही खोट नाही!" असं म्हणाले आणि लगेच जीभ चावली. भिंगरीची आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मामांना कुठे तोंड लपवू असं झालं.

मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच, आणि तो मी भलतीकडेच काढला. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, मी पत्र लिहिलं. पन्नास मुलांच्या वर्गात ही मुलगी शाळेच्या शिस्तीत बसणार नाही. तिच्यासाठी दूरच्या शहरात वसतिगृहाची वेगळी शाळा आहे, तिथे पाठवावं. अक्षर सुरेख काढलं होतं.

मोठ्या बाईंनी आईला बोलावून पत्र वाचून दाखवलं. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "ती शाळा चांगलीच असेल हो. पण दहा वर्षांची आहे ती. ती काय म्हणते ते मला अर्ध्या शब्दात कळतं. तिथे कोणाला कळणार?"

मोठ्या बाईंनी पत्राची घडी करून ते खणात ठेवलं. मग त्यांनी एक महिना दिला. या महिन्यात भिंगरी प्रत्येक टोलाला आपली आपण वेळेवर वर्गात आली तर राहील, नाहीतर जाईल. कोणी तिला दंडाला धरून ओढत आणायचं नाही. ही अट मुद्दाम घातली, कारण आमच्या मॉनिटरने तसं आणलं होतं आणि भिंगरीने त्याला कडकडून चावून दाखवलं होतं.

आता मामा इरेला पेटले. कुठून तरी एक मोठं लाल फडकं आणलं, व्हरांड्याच्या खांबाला कप्पी ठोकली आणि दोरी ओवली. उजव्या हाताने टोल द्यायचा, डाव्या हाताने दोरी खेचायची. फडकं वर गेलं की भिंगरीने वर्गात पळायचं. पहिल्या दिवशी दोरी मामांच्याच मानेत अडकली. दुसऱ्या दिवशी घाईघाईत उजव्या हाताने दोरी खेचली आणि डाव्या हाताने हातोडी स्वतःच्या गुडघ्यावर मारली. भिंगरी पोट धरून हसली. पण ओठ वाचणाऱ्या मुलीला मामांनी एकदाच समजावलं आणि तिला पक्कं कळलं. खेळता खेळता मान वळवून ती खांबाकडे बघायची. बाकीची मुलं कशाला बघतील? त्यांना टोल ऐकू येत होता. फडकं म्हणजे मामांचं नवं खूळ, एवढंच त्यांच्या लेखी.

तीन आठवडे भिंगरी एकदाही उशिरा आली नाही. खूश व्हायचं सोडून मला ते टोचायला लागलं. सुंदर अक्षरातलं पत्र चुकीचं ठरणार होतं ना! महिना संपायच्या आदल्या दिवशी मी मोठ्या बाईंना म्हणाले, "फडक्याबिडक्याचं काही नाही हो. आधी लक्ष द्यायची नाही, आता सगळी मुलं पळतात ते बघून ही पळते. एकटी असती तर कळलं असतं?"

मामा तेव्हा पाण्याचा ट्रे घेऊन आत आले होते. त्यांनी ग्लास ठेवले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेले.

शेवटच्या दिवशी मधली सुट्टी संपायच्या वेळी मी आणि मोठ्या बाई व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिलो. मैदानात नुसता कल्ला. मामा खांबापाशी उभे. घड्याळाचा काटा बरोबर जागेवर आला. मामांनी दोरी खेचली, फडकं वर गेलं. हातोडी मात्र खिशातच.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"मामा, टोल?" मोठ्या बाई कडाडल्या.

"दिला की बाई. ते काय, वर आहे."

"अहो, मुलांना काय माहीत फडकं म्हणजे टोल!" मी म्हणाले. "त्यांना कोणी सांगितलंय का?"

"तेच म्हणतोय मी, बाई," मामा म्हणाले. "तिलाही चार दिवस कोणी सांगितलं नव्हतं." अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच टोल चुकवला होता त्यांनी. लेखी समज मिळाली ती याचीच.

मैदानात चारशे मुलं धिंगाणा घालत होती. त्यांत भिंगरी नव्हती. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी वर्गाकडे धावले.

ती पहिल्या बाकावर एकटी बसली होती. दप्तर छातीशी घट्ट धरलेलं, डोळे भरलेले. एकोणपन्नास जागा रिकाम्या आणि आपण एकट्याच आत, म्हणजे पुन्हा आपलंच काहीतरी चुकलं, अशी तिची खात्रीच झाली होती. मला बघून ती उठली आणि आपली आपण दाराबाहेर उभी राहायला निघाली.

मी तिला थांबवलं. तिच्यासमोर खाली बसले, तिला माझे ओठ नीट दिसतील अशी. म्हणाले, "तुझं नाही चुकलं. तू वेळेवर आलीस. आम्हाला उशीर झाला."

तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. मग तिने बाहीने नाक पुसलं, जागेवर जाऊन वही उघडली आणि जड आवाजात विचारलं, "मग शिकवत का नाही?"

मी खडू उचलला आणि सवयीने फळ्याकडे तोंड केलं. मग लक्षात आलं. इतके दिवस तिने शिकायचं होतं ते माझ्या पाठीवरून. मी वळले, तिच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि धडा सुरू केला. बाकीचा वर्ग सात मिनिटांनी आला.