वीतभर राहिलंय

लोवेल कुचेराबद्दल एल्डर क्रीकमध्ये कुणाची तक्रार नव्हती, आणि त्याला कुणी घरी जेवायलाही बोलवत नव्हतं. चाळीस वर्षं तो गावच्या धान्यकोठारावर वजनकाट्यापाशी बसला. मक्याने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, लोवेल आकडा सांगायचा, आणि त्या आकड्यावर कुणी हुज्जत घालत नसे. आमच्या नेब्रास्कातला शेतकरी पाद्र्याशीसुद्धा हुज्जत घालतो, त्यावरून काय ते समजा. मग लोवेल निवृत्त झाला. चार वर्षांपूर्वी त्याची बायको व्हर्ना गेली. मुलगी कार्ला लांब टूसानला असते, दर रविवारी फोन करते आणि "बाकी काय विशेष?" म्हणून विचारते. बाकी काहीच विशेष नसतं. सोमवार ते शुक्रवार त्याला घर खायला उठायचं.

उरला शनिवार. शनिवारी गावच्या कॉलेजचा फुटबॉल. आमचा फुटबॉल हा चेंडू छातीशी धरून समोरच्याच्या अंगावर जाण्याचा खेळ आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. चौथ्या प्रयत्नाला बहुतेक जण धोका पत्करत नाहीत, लाथ मारून चेंडू लांब धाडून देतात. हे दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन खांब आणि मध्ये एक साखळी असते. ती धरायला गावातलेच लोक लागतात, आणि लोवेल सव्वीस वर्षं पुढचा खांब धरत होता, म्हणजे जिथवर पोचायचं असतं तिथला. अंगात नारिंगी बंडी. साखळीवाल्याने टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, कुठल्याही संघाशी बोलायचं नाही, असा नियम आहे. लोवेलला तो कधी जाचला नाही. दीड हजार माणसांत उभं राहायचं आणि कुणाशी गप्पा मारायची सक्ती नाही, याहून चांगला दिवस त्याला ठाऊक नव्हता.

नियम मोडायला लावला तो कोच टिलरीने. सहा वर्षांपूर्वी हा माणूस आर्कान्सातून आमच्या संघाचा कोच म्हणून आला. तिकडे दक्षिणेत अजून वडीलधाऱ्यांना 'सर' म्हणतात. आमच्याकडे शेंबडं पोरही म्हाताऱ्याला नावाने हाक मारतं, त्यामुळे 'मिस्टर कुचेरा' ही हाक पहिल्यांदा कानावर आली तेव्हा लोवेलला वाटलं, आपले वडील मागे उभे आहेत की काय. झालं होतं असं की आमच्या धावफलकाचे निम्मे दिवे कायम गेलेले असतात. किती अंतर उरलंय ते कोचला तिथे दिसेना. मग त्याने मान न वळवता हळूच विचारलं, "किती, मिस्टर कुचेरा?"

लोवेलने गप्प राहायला हवं होतं. पण चाळीस वर्षं लोकांनी त्याला "किती?" हेच विचारलं होतं, आणि काटा सुटल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. "दोन यार्ड," तो पुटपुटला. पुढे ती सवयच पडली. कधी शब्द, कधी बोटांची खूण. सहा वर्षांत दोघांचं बोलणं झालं ते एवढंच, दर शनिवारी आठ-दहा शब्द. व्हर्ना गेल्यावर लोवेलचं आठवडाभराचं बोलणं काढलं असतं, तर त्यातही हेच शब्द बरेचसे निघाले असते.

यंदा सप्टेंबरात त्याला सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या. लिंकन शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरणीने सांगितलं, नजरेचा मधला भाग हळूहळू जाणार, तिन्हीसांजेला गाडी चालवू नका. लोवेलने हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कुणी नव्हतंही, आणि सांगितलं असतं तर पहिली बंडी गेली असती. एवढा मोसम काढू, असं तो दर शनिवारी स्वतःला बजावत होता.

मोसमाचा शेवटचा सामना ग्रँट हिल कॉलेजशी. त्यांना आम्ही सहा वर्षांत हरवलं नव्हतं, म्हणजे टिलरी आल्यापासून एकदाही नाही. त्या दिवशी बर्फमिश्रित पाऊस पडत होता आणि चार वाजताच अंधारून आलं होतं. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. चेंडू आमच्याकडे, पण आमच्याच टोकाला, आणि प्रयत्न चौथा. ठरलेलं अंतर पार केलं की सामना खिशात. नाहीतर मुकाट्याने लाथ मारायची.

"किती, मिस्टर कुचेरा?"

लोवेलने डोळे बारीक करून मैदानावरच्या खुणा पाहिल्या, आणि अंगठा नि करंगळी ताणून हात वर केला. "वीतभर राहिलंय."

कोचने पोरांना पुढे घुसायला सांगितलं. वीतभर अंतर आमची पोरंसुद्धा ढकलून काढतात. ती घुसली, ढीग झाला, पंचाने शिट्टी वाजवली आणि साखळी मागवली. लोवेल खांब घेऊन मैदानात गेला. जवळून त्याला खुणा स्वच्छ दिसल्या. आपण एक खूण चुकीची मोजली हे त्याच्या लक्षात आलं. राहिलं होतं एक यार्ड, म्हणजे तीन फूट, आणि वर वीतभर. पोरं दोन फूट सरकली होती, आणि साखळी ताणली तेव्हा चेंडू चांगला हातभर मागे पडला. लोवेलने मान वर केली. कोच त्याच्याकडेच बघत होता. घटकाभर बघून त्याने पाठ फिरवली. ग्रँट हिलने चेंडू घेतला, मैदानाच्या टोकाच्या गोलखांबांमधून लाथेने मारून तीन गुण मिळवले, आणि आम्ही सहाव्यांदा हरलो. यंदा दहा सामन्यांत तीनच जिंकलो होतो.

नंतर वार्ताहराने विचारलं, पुढे असताना असा आचरटपणा का केला? टिलरी म्हणाला, निर्णय माझा होता. त्यापलीकडे एक शब्द नाही.

गावाने तोंडसुख घेतलं. तसं 'टिलरीला ठेवायचं की काढायचं' हे दोन वर्षं चाललंच होतं. पोरांना शिस्त लावली म्हणणारे थोडे होते, शिस्तीने गुण मिळत नाहीत म्हणणारे जास्त. आता मात्र सगळं त्या एका चौथ्या प्रयत्नावर येऊन ठेपलं. कॉलेजच्या विश्वस्तांची बैठक मंगळवारी होती, आणि विमा विकणारा जीन पोस्पिशिल कॅफेत टेबलाटेबलाशी जाऊन 'टिलरीला काढा' अशा अर्जावर सह्या घेत होता.

"आपल्याच तीस यार्डांत, पुढे असताना," जीन सांगत होता, "लाथ मारायची असते हे माझ्या आजीलाही कळतं."

"मग आजीलाच कोच कर," कुणीतरी म्हणालं.

"बैठकीत सुचवतो." जीनने कागद लोवेलच्या अंड्यांच्या बशीशेजारी ठेवला. "तू तर चार पावलांवर होतास, लोवेल. काय शिरलं होतं रे त्याच्या डोक्यात?"

"ऐकू नाही आलं," लोवेल म्हणाला आणि अंडी कापत राहिला. सही न करताच तो उठला. त्याच्या सहीवाचून कुणाचं अडणार नव्हतं, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

काट्यावर बसून त्याने आयुष्यात कुणाला चुकीचा आकडा दिला नव्हता, आणि आता दिला तो अशा माणसाला, ज्याने नाव न घेता तो पोटात घातला. गप्प राहिलं तर टिलरीची नोकरी जाते. बोललं तर आपला शनिवार जातो. आणि शनिवार गेला तर बाकीच्या सहा दिवसांचं काय करायचं, हे लोवेलला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्याला भीती वाटत होती, शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला वाटते तशी साधी भीती.

सोमवारी सकाळी तो दाढी करून कॉलेजात गेला. क्रीडाप्रमुख बेथ लिंडक्विस्ट या त्याच्या कार्लाच्या वयाच्या. त्याने टोपी मांडीवर ठेवली आणि डोळ्यांपासून वितीपर्यंत सगळं सांगून टाकलं. मैदानात बोलायचो तेही सांगितलं. चूक माझी आहे, त्या माणसाची नाही, उद्या विश्वस्तांना हे सांगा, म्हणाला.

बेथबाईंनी उठून दार लावून घेतलं.

"लोवेल, त्यांना काढायचं हे ऑक्टोबरातच ठरलंय. उद्या फक्त सह्या व्हायच्यात. सहा वर्षांत एकोणीस जिंकले, एकेचाळीस हरले. तुमची वीत खरी असती, तरी ते गेलेच असते."

"मग गावात हे एवढं चाललंय ते?"

"गावाला चालवायला काहीतरी लागतं." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांना वाईट वाटत होतं हे लोवेललाही दिसलं. "पण तुम्ही आता मला हे सांगितलंत. मी ऐकलंच नाही, असं मला करता येणार नाही."

"नाही," लोवेल म्हणाला. "ते बरोबर आहे."

दुपारी तो बंडी धुऊन, घडी करून देऊन आला.

बुधवारी, घरोघरी सगळ्यांनी एकत्र जेवायच्या नोव्हेंबरातल्या सणाच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाला सामान लादलेला एक ट्रक त्याच्या दारात थांबला. टिलरी उतरला. सहा वर्षांत तो या घरी कधी आला नव्हता. खरं तर कुणीच आलं नव्हतं. लोवेल आत चला म्हणाला, पण तो पायरीशीच उभा राहिला. बायकोमुलं आधीच आर्कान्साला गेली होती, अंधार पडायच्या आत बरंचसं अंतर कापायचं होतं.

"कशाला सांगितलंत, सर?" त्याने विचारलं.

"लोक तुम्हाला नाहक शिव्या देत होते."

"त्या मी खाल्ल्याच असत्या. मला ऑक्टोबरातच कळवलं होतं. म्हटलं, मी तर चाललोच आहे. तुम्ही तरी साखळीपाशी राहाल."

"मला एका शब्दाने सांगायचं होतंत," लोवेल म्हणाला.

"सांगितलं असतं तर गप्प बसला असतात?"

लोवेलने खरोखर विचार करून पाहिला. "नाही."

"तेच तर." टिलरीने हातमोजा काढला, पुन्हा चढवला. "आणि चूक तुमची एकट्याची नाही. सप्टेंबरपासून तुमचे आकडे हुकत होते. मी दर वेळी स्वतः पाहून घ्यायचो. त्या दिवशी पावसात मलाही दिसेना, म्हणून तुमच्यावर सोडलं. निर्णय माझा होता म्हणालो ते खोटं नव्हतं."

"ठाऊक होतं, तर मग विचारत कशाला राहिलात?"

"विचारायचं थांबलो असतो तर तुम्हाला कळलं असतं, मिस्टर कुचेरा."

रस्त्यावरून बर्फ काढणारी गाडी खडखडत गेली. उद्या जेवायला थांबा, माझ्याकडे एक कोंबडी आहे, असं लोवेलच्या अगदी ओठांवर आलं. पण दारात लादलेला ट्रक उभा, त्याच्या घरचे तिकडे वाट बघत असलेले. तो म्हणाला, "कॅन्ससमध्ये रस्ता निसरडा असेल. सांभाळून जा." टिलरीने त्याचा हात हातात घेतला, 'येतो सर' म्हणाला आणि गेला.

ट्रक वळणाआड गेल्यावरही लोवेल पायरीवरच उभा राहिला, अंगात कोट नसताना. शेवटच्या काही शनिवारी टिलरी "किती?" असं विचारत होता, ते उत्तर हवं होतं म्हणून नव्हे, तर लोवेलला कुणीतरी विचारावं म्हणून. व्हर्ना गेल्यापासून आपलं मन कुणी असं जपलं नव्हतं, हे लोवेलला कळलं, आणि ते आता सांगायला गावात कुणी नव्हतं.