फाल्गुनापासून मागे

आमच्याकडे टीव्हीवर मुलाची मॅच लागली की मी स्वयंपाकघरात जाते आणि दार अर्धं लोटून घेते. पूर्ण लावलं तर जीव टांगणीला लागतो, पूर्ण उघडं ठेवलं तर बघवत नाही. मुलगा इंग्लंडच्या उत्तरेला एका क्लबकडून रग्बी लीग खेळतो. हौसेसाठी नाही, पगार घेऊन. हीच त्याची नोकरी. आमच्या ओळखीत कुणाला पहिल्यांदा सांगितलं की लोक विचारतात, "हो का, आणि काम काय करतो?" मग मला राग येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांना अंगावर घेणं हे काम नाही तर काय आहे बाई?

रग्बी दोन प्रकारची असते हे मला फार उशिरा कळलं. इथं कतारमध्ये, दोह्यात शाळेत असताना तो दुसरी खेळायचा, तिकडे कॉलेजला गेल्यावर या लीगवाल्यांनी त्याला उचललं. यात धडका जास्त, एवढंच मला समजतं. तो खेळतो त्या जागेवर बॉल घेऊन पळण्यापेक्षा समोरून पळत येणाऱ्याला आडवं करणं हेच मुख्य. येणारे सगळे रेडे. आमचा काही काडी नाही, पण रेडाही नाही.

मी बॉल बघतच नाही. कुणीतरी पडतं, चारपाच जण त्याच्यावर असतात, मग एकेक बाजूला होतो, पडलेला उठून बॉल पायानं मागं सरकवतो आणि खेळ पुढं चालू होतो. तेव्हा सगळे बॉलकडं बघतात. मी बघते आमचा उठला का.

आमचे हे मात्र सोफ्याच्या कडेवर बसून असतात. हे गॅस प्लांटमध्ये इंजिनिअर, सांगलीकडचे, कॉलेजात कबड्डी खेळलेले. पोरगा शाळेत असताना इथल्या अल सद्द भागातल्या फ्लॅटमध्ये हॉलमधलं टीपॉय बाजूला करून, गादी टाकून, यांनी त्याला पकड शिकवली. खाली वाक, मांड्यांना मिठी घाल, डोकं बाजूला ठेव. खालच्या मजल्यावरची बाई बेल वाजवून गेली होती. पुढं तो खेळायला लागल्यावर हे येईल त्याला सांगायचे, की ही पकड कबड्डीतली आहे, गोऱ्यांना जमत नाही. इंग्लंडमधल्या कुणाला हे पटलं असेल असं मला वाटत नाही, पण यांची छाती फुगायची.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या मॅचला तो असाच खाली वाकला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. मी अर्ध्या दारातून बघत होते. तो पाठीवर पडला आणि त्याचा एक हात हवेत तसाच ताठ राहिला. वर केलेला हात खाली घ्यायला विसरलं कुणी, तसा. हे म्हणाले, "उठतोय, उठतोय." तो उठत नव्हता. मग दोघांनी धरून त्याला बाहेर नेलं, आणि बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या ते मला आजही कळलेलं नाही.

डोक्याला मार लागायची ही त्याची पहिली वेळ नव्हती. पण फोनवर तो हसत बोलला, आय अ‍ॅम फाईन आई, थोडं डोकं दुखतंय. हंगाम संपलाच होता, तेव्हा दिवाळीला दोह्याला आला. किती वर्षांनी दिवाळीला घरी. मला आनंद व्हायला हवा होता. विमानतळावर तो गॉगल लावून बाहेर आला, रात्र पडली होती तरी.

गोष्ट अशी होती. क्लबच्या डॉक्टरांची व्हिडिओवर एक तपासणी व्हायची होती. ती नीट झाली की पुढच्या करारावर सही आणि परत जाऊन सराव सुरू. नाही झाली तर करार नाही. त्याच्या वयाला असा अडकलेला करार परत कुणी देत नाही, हे त्यानंच मला सांगितलं होतं. दोघं बापलेक तपासणीबद्दल असे बोलायचे जसा काही व्हिसाचा मेडिकल.

मी घरात त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होते. कुकरची शिट्टी झाली की तो डोळे मिटायचा. पडदे ओढून बसायचा. चहात साखर घालायचा, ढवळायचा, परत साखर घालायचा. मी बोलले की म्हणायचा, "आई, चिल." यांना बोलले की म्हणायचे, "अगं थकलाय तो. तू आधी त्याच्याकडं असं बघणं बंद कर."

एकदा चकलीची भाजणी आणायला तो आणि मी गाडीनं निघालो, चालवत तो होता. मदिनत खलीफा भागातल्या एका बाई घरी करून देतात. सिग्नलला थांबलो. सिग्नल हिरवा झाला आणि तो बसूनच राहिला. मागच्या मोठ्या गाडीनं दिवे मारले, मग हॉर्न. मी म्हणाले, "अरे, यल्ला, चल की." त्यानं माझ्याकडं बघितलं. चेहरा गोड, काहीच न समजलेला. मग म्हणाला, "आपण कुठं चाललोय?" आणि लगेच हसून म्हणाला, "जोक." मी हसले नाही. भाजणी मांडीवर घेऊन घरी आले आणि त्या दिवशी माझ्या चकल्या सगळ्या तुटल्या.

सकाळी बाथरूममधून त्याचा आवाज यायचा. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर. न थांबता, जप केल्यासारखा. मी विचारलं हे काय. म्हणाला, तपासणीत विचारतात, महिने उलटे म्हणा. डोकं चालतंय का ते बघतात. मला बरं वाटलं. मी मनाशी म्हणाले, असं असेल तर पोरगं ठीक आहे, इतकं घडाघडा तर मलाही येणार नाही.

तपासणी हॉलमध्ये झाली. मी स्वयंपाकघरात, दार अर्धं. डॉक्टरांनी काय काय विचारलं, एका पायावर उभं केलं, आणि मग महिने. त्याच्या तोंडातून डिसेंबर ते जानेवारी पाण्यासारखे वाहिले. डॉक्टर खूश झाले. आता कागदपत्रं होतील, लवकरच भेटू म्हणाले. हे खाली जाऊन पेढे घेऊन आले आणि मजल्यावरच्या केरळी कुटुंबाला, समोरच्या फिलिपिनो नर्सलाही देऊन आले. मी माझा पेढा परत डब्यात ठेवला. मला कुणी विचारलं असतं, तुला कशाची भीती वाटते, तर मला सांगता आलं नसतं. तो परत जाणार होता, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्या संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावला. जवळच्या मशिदीतली अजान संपत आली होती. आमच्या घरात, दोह्यात आल्यापासून पोरगं कॉलेजला जाईपर्यंत, दिवेलागणीला परवचा चुकला नाही. शुभंकरोती, पाढे, मराठी महिने, सगळं मोठ्यानं म्हणायचं. पोरगं एरवी इंग्रजीत उत्तरं द्यायचं, पण परवचा मराठीतच. आणि मला चिडवायला महिने उलटे म्हणायचा, फाल्गुनापासून मागे, एका दमात. न चुकता म्हटले तर मी लाडू द्यायचे. शाळेच्या बसची वाट बघतानाही म्हणायचा, म्हणजे सकाळीही लाडू मिळावा.

मी नुसती गंमत म्हणून म्हणाले, "बस इथं. पेढे खाल्लेस ना, आता परवचा म्हण. महिने उलटे."

तो हसत मांडी घालून बसला. "फाल्गुन, माघ, पौष," म्हणाला आणि थांबला. "पौष. माघ, फाल्गुन." आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "झालं."

हे हसले. मग हसायचे थांबले. पोराला कळलंच नव्हतं. तो लाडवाची वाट बघणाऱ्या तोंडानं बसला होता. मी म्हणाले, "परत म्हण." परत पौषापाशी गेला आणि परत वळून आला. या वेळी माझं तोंड बघून त्याला समजलं, काहीतरी चुकलं. काय चुकलं ते मात्र त्याला सापडत नव्हतं.

"विसरतं माणूस," हे म्हणाले. "इतकी वर्षं तिकडं आहे." पण यांचा आवाज यांचाच वाटत नव्हता.

मी त्याचा हात धरला. म्हणाले, "सकाळी तर घडाघडा म्हणालास."

"ते पाठ केलेत, आई. उलटेच पाठ केलेत."

मग तो सांगत गेला. हंगामाच्या सुरुवातीला, सगळे धडधाकट असताना, प्रत्येकाची हीच परीक्षा घेतात आणि मार्क ठेवून देतात. मार लागल्यावर परत घेतात आणि पहिल्याशी ताडून बघतात. तेव्हा सुरुवातीलाच मुद्दाम चुका करायच्या, हळू बोलायचं, म्हणजे पुढं खरंच चुकलं तरी फरक दिसत नाही. तो तसंच करत आला होता. हे त्यानं अशा आवाजात सांगितलं की जसा काही पार्किंगचा दंड कसा चुकवतात ते सांगतोय. बोलता बोलता त्याला रडू आलं. म्हणाला, सकाळी उठलो की कुठल्या गावात आहे ते आठवायला वेळ लागतो. म्हणाला, मला भीती वाटते, आई.

"मग मराठी महिने का नाही पाठ केलेस?" मी विचारलं. काय विचारावं ते सुचेना म्हणून विचारलं.

"ते कोण विचारणार होतं?"

हे इतका वेळ दिव्याकडं बघत बसले होते. म्हणाले, "डोकं बाजूला ठेव म्हणालो होतो ना रे मी?" आणि मग, "डॉक्टरांना फोन लाव."

"बाबा, सांगितलं तर खलास. सगळं."

"लाव."

त्यानं लावला, पण डॉक्टर फोनवर आल्यावर त्याच्या तोंडाला कुलूप. शेवटी मीच फोन ओढून घेतला. माझं इंग्रजी बाजारापुरतं आणि बँकेपुरतं. मी म्हणाले, मी आई बोलतेय, तुम्ही त्याला महिने विचारू नका, ते पाठ आहेत त्याला. दुसरं काही विचारा. मग डॉक्टरांनी दुसरं विचारलं, आणि त्याला ते आलं नाही.

करार थांबला. इथल्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांकडं दाखवलं, त्यांनी विश्रांती सांगितली. क्लबनं कळवलं, जागा काही दिवस ठेवतो, पूर्ण बरा झालास आणि आम्ही नीट तपासलं तरच ये. हे 'तरच' त्यानं धरून ठेवलं. म्हणून तो रोज दिवेलागणीला माझ्यासमोर बसायला लागला. पाठ करायचं नाही अशी मी शपथ घातली होती, आणि दिवसभर महिन्यांचं नाव काढायचं नाही. रोज पौषापाशी अडायचा. मग आम्ही जेवायला बसायचो.

मार्गशीर्ष सरत आला. दोह्याची हवा गार झाली होती, खिडकी उघडी होती. कुकरची शिट्टी झाली आणि त्यानं डोळे मिटले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. तो दिव्यापुढं बसला. "फाल्गुन, माघ, पौष," म्हणाला. आणि खरं सांगते, त्याच्या ओठांकडं बघत मी मनात म्हणत होते, अडू दे. अडू दे, इथंच अडू दे, म्हणजे तो माझ्याजवळ राहील. देवापुढं बसून मी पोटच्या पोराचं डोकं बरं होऊ नये असं मागत होते. त्या हवेत राहिलेल्या हाताची वाटली नव्हती एवढी मला स्वतःची भीती वाटली.

तो अडला नाही. "मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन," करत सावकाश, एकेक पायरी चाचपत, चैत्रापर्यंत गेला. यांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि माझ्याकडं बघून खाली ठेवले.

"बरोबर आहे ना, आई?"

त्याला स्वतःला खात्री नव्हती. मी 'चुकलास' म्हणाले असते तर त्यानं मान हलवली असती, उद्या बघू म्हणाला असता, आणि आम्ही जेवायला बसलो असतो. हे काही बोलले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. उठले, डब्यातून लाडू काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो तिथंच बसून खाल्ला, हात पुसले आणि डॉक्टरांना फोन लावायला आत गेला.